बोटभर घासलेट

आमच्या भागात माणूस मेला की तिरडीच्या आधी गोष्ट बांधून तयार असते. माझं माहेर जऊळक्याचं. तिथं स्टेशनाजवळ एक जण रुळावर झोपून मेला, तर गावानं ठरवून टाकलं की त्याला ऐकू येत नव्हतं. मला विचाराल तर त्याला चांगलं ऐकू येत होतं. घरात त्याला काय काय ऐकावं लागायचं, ते आम्हा शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून ठाऊक होतं. पण मेलेला माणूस दुरुस्ती सांगायला येत नाही, म्हणून गोष्ट जिवंतांच्या सोयीनं रचली जाते. अशी एक गोष्ट माझ्या सासरच्या अंगणात रचली गेली आणि तिला मीही हातभार लावला.

सासर आसेगावच्या बाजूचं, शेतीवाडीचं घर. मी नवी सून, मॅट्रिक झालेली, म्हणजे घराच्या दृष्टीनं जरा जास्तच झालेली. ते बाहत्तरच्या दुष्काळाच्या पाठचे उन्हाळ्याचे दिवस होते. गाव सडकेच्या कामावर गिट्टी फोडत होतं आणि रेशनची लाल मिलो ज्वारी खात होतं, जी त्याआधी कोणी ढोरांपुढंही टाकली नसती. आणि आमच्या अंगणात, कडब्याच्या गंजीआड, ज्वारीनं भरलेलं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि खाली पोट मोठं. ज्वारी भरायची, वर फरशी ठेवायची आणि शेणमातीनं लिंपून टाकायचं. सासऱ्यांनी चावडीवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं की आमचं पेव रिकामं आहे.

पेव उघडायची एक रीत होती. बंद जागेत दाणा तापतो, आत वाईट हवा धरते. म्हणून फरशी काढली की एक दिवस तोंड मोकळं ठेवायचं. मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर उतरत नाही. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळत असे.

त्या दिवशी सकाळी निरोप आला की उद्या तहसिलातून साहेब लोक घरोघरी धान्याचे साठे पाहायला येणार. सासऱ्यांचं धाबं दणाणलं. दुपारी गाव कामावर गेलं, गल्लीत चिटपाखरू राहिलं नाही, तेव्हा त्यांनी सालदाराला बोलावलं. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा आमचा गडी. तिशीतला, कमी बोलणारा, कामाला वाघ. त्याच्या बापानं छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, पण आमच्या घरानं त्याच्यासाठी पाण्याचा वेगळा गडू ठेवायचं काही सोडलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तो आला तर विटाळ. तोच पेवात उतरून आमच्या भाकरीची ज्वारी पायांनी तुडवून काढायचा, त्याला मात्र हरकत नव्हती. आमचा धर्म असा सोयीसोयीनं बाटायचा.

त्यानं न् माझ्या नवऱ्यानं मिळून फरशी सरकवली. आतून आंबूस, उबट वास आला. तो मागं सरकला.

"मालक, आज नाई. उद्या उतरतो. पेवाले वारा लागू द्या."

"अबे, उद्या सायेब येऊन राह्यले. उद्या उतरून का त्याहिले मोजून देतं?" सासरे म्हणाले.

"मंग कंदील त सोडून पाहू."

सासऱ्यांनी मला हाक मारली, "सूनबाई, कंदील आन."

आता त्या कंदिलाचं सांगते. घासलेटाचा तुटवडा होता आणि डबा सासूबाईंच्या ताब्यात असायचा. कंदिलात बोटभर तेल घालायचं, थेंबभर जास्त नाही, असा त्यांचा कायदा. मला निजण्याआधी काहीबाही वाचायची खोड. त्या सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या, तेवढ्यात मी कंदील काठोकाठ भरून ठेवला होता. तोच पेटवून मी आणून दिला.

सासऱ्यांनी तो दोरीनं आत सोडला. पुरुषभर खाली गेला असेल नसेल, ज्योत एकदा आखडली आणि विझली. सालदार म्हणाला, "इझला." सासऱ्यांनी कंदील वर ओढला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "सूनबाई, घासलेट होतं का ह्याच्यात?"

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. काठोकाठ होतं म्हणावं तर माझी चोरी उघडी पडते. दिवसभर बोलणी, माहेरचा उद्धार, वाचन कायमचं बंद. माझ्या मनात तेवढंच आलं. पेव, हवा, माणूस, यातलं काही आलं नाही. मी म्हणाले, "बोटभरच होतं, मामाजी. संपलं असंल."

"बोटभर तेलात कंदील काय जळते!" सासरे म्हणाले आणि तो बाजूला ठेवून दिला. सालदारानं कंदिलाकडं पाहिलं. त्यानं तो उचलून नुसता हलवला असता तरी तेल डुचमळलेलं ऐकू आलं असतं. पण तो हलवायला गेलाच नाही. "बाई म्हनते त खरंच असंल," तो म्हणाला आणि दोरी धरून उतरला.

अर्धं टोपलं वर आलं. दुसऱ्यांदा दोरी ओढली तर टोपलं रिकामं. नवऱ्यानं हाका मारल्या, ओ नाही. तेव्हा सासऱ्यांनी कंदील पुन्हा पेटवला. उचलताना तो त्यांना जड लागलाच असेल. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. कंदील आत गेला आणि त्याच जागी विझला. पहिल्या वेळी जे पटलं नव्हतं ते आता बरोबर पटलं, कारण आता उतरायची पाळी घरच्या माणसाची होती. माझा नवरा दोरीला हात घालत होता, त्याला बापानं मनगट धरून मागं खेचलं.

मग त्यांनी फरशी परत ओढून घेतली. आतला माणूस तोवर मेला होता की नुसता निपचित पडला होता, हे मला आजही माहीत नाही. ज्यांना माहीत करून घेता आलं असतं त्यांनी झाकण लावलं आणि मी परसात जाऊन भांडी घासली. संध्याकाळी त्याची बायको विचारायला आली. सासूबाई म्हणाल्या, "दुपारीच गेला तो."

सकाळी फरशी बाजूला पडलेली "सापडली" आणि घरानं बोंब ठोकली की चोर पेवात मेला. चावडीवर सांगितलं ते पेव वेगळं, हे आजोबांच्या काळचं, आम्ही विसरूनच गेलो होतो, पण गड्याच्या नजरेत होतं, असं सासऱ्यांनी पोलिसाला आणि तहसिलातल्या साहेबांनाही सांगितलं. ऊन चढल्यावर त्याला दोराच्या फासानं वर काढलं. पालथा पडला होता, त्यामुळं बंडीचा खिसा दाण्यांनी भरला होता. पोलिसानं खिसा सगळ्यांना दाखवला. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा! गाव जमलं होतं खरं, पण बहुतेकांचे डोळे मढ्यावर नव्हते, पेवाच्या तोंडावर होते. एका म्हातारीनं त्याच्या केसांत अडकलेले दाणे वेचले. मला वाटलं मायेनं. तिनं ते पदराला बांधले.

त्याची बायको रडत नव्हती. ती पोलिसाला एकच विचारत होती, "कंदील कोठी हाय?"

"चोर कंदील घेऊन येते का वं?" पोलीस हसला.

"सायेब, कंदील सोडल्याबिगर थो कदी पेवात नाई उतरला. त्यानं सोडला असंल त दिवसा सोडला, मालकाच्या म्होरं सोडला. मंग थो चोर कायचा?" तिला पक्कं कळत होतं की सगळं त्या कंदिलावर आहे. नवरा गेला तो गेला. पण दोन पोरांच्या कपाळावर चोराचा डाग राहतो की जातो, हे तेवढ्यावर ठरणार होतं. ती माझ्याकडं वळली. "बाई, तुमी सांगा. कंदील सोडला होता का नाई?"

कंदील माझ्या पाठीमागं, ओसरीच्या खुंटीला टांगलेल्या घोंगडीआड होता. मी म्हणाले, "घरात घासलेटच नाही. कंदील कुठला?" पोलिसानं ते लिहून घेतलं. शिकलेली सून बोलली म्हणजे झालंच.

पोरांना लोक पेवचोराची पोरं म्हणू लागले. तिला कुठं काम मिळेना, म्हणून सासऱ्यांनी मोठ्या मनानं तिला आमच्याच घरी ठेवलं, नवऱ्याचं राहिलेलं साल पुरं करायला. ती रोज त्या फरशीभोवतीचं अंगण झाडायची. वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

साल सरलं त्या दिवशी ती ओसरीशी आली. तिच्या हातात झाडणी तशीच होती.

"बाई, त्या दिवशी मी इचारलं, तवा तुमी बोलायच्या आधी मांगं वळून खुंटीकडं पाह्यलं. मले तवाच समजलं. पोरायले मी सांगतलं, तुमचा बाप चोर नोयता."

ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुमी तरी काय करसान? सून मानूस. मालकानं कंदील लपवाले लावला, तुमी लपवला. माह्या मनात तुमच्यासाठी काई नाई."

तिनं कंदील लपवल्याबद्दल मला माफ केलं होतं. तो विझण्याचं मी काय कारण सांगितलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं. ओसरीवर आम्ही दोघीच होतो. मी मान हलवली, तिची माफी घेतली आणि आत गेले.