गोठ्यातल्या गोगलगायी

समोरच्या बाईंनी स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं आणि मी खुर्ची मागे सरकवली. आत चार-पाच गोगलगायी होत्या.

“बाई, हा जनावरांचा दवाखाना आहे.”

“मग ह्ये काय मानसं हायती का, साहेब?”

देवणीच्या दवाखान्यात मी नोकरीभर बैल, म्हशी, शेळ्या तपासल्या. गोगलगायींबद्दल लोक एकच विचारायचे, मारायच्या कशा? सोयाबीनचं कोवळं रोप रातोरात फस्त करणारा हा जीव. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट बांधावर टाकायचं, खाली जमलेल्या गोगलगायी सकाळी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हे इथं पोराटोरांनाही ठाऊक. आणि ही बाई म्हणत होती, जगवा.

त्या सुमनबाई. त्यांची लेक अश्विनी शाळेत असताना तिनं वेचलेल्यांतल्या दोन लपवून पाळल्या होत्या. ही त्यांचीच पिलावळ. आता लेक बंगळूरला नोकरीला आणि डबा आईच्या गळ्यात.

“ह्या खाईना गेल्यात. वाढंना बी. शंख बघा, पापडावानी मोडायलाय.”

“मेल्या तर दुसऱ्या आणा. शेतात काय कमी आहेत?”

बाईंचा चेहरा उतरला. “पोरगी फोनवर आधी ह्यांचंच इचारती. मग माजं, तिच्या बापाचं, समदं आपसूक निघतं. लई करमंना साहेब तिच्याबिगर. ह्याच मेल्या तर ती काय इचारंल?”

मी हातमोजे चढवले.

जनावर बोलत नाही, म्हणून आम्ही मालकाला प्रश्न विचारतो. त्याला हिस्टरी घेणं म्हणतात. अर्धं निदान तिथंच होतं.

“खायला काय देता?”

“कोबी, काकडी. फवारलेलं असतंय म्हनून मिठाच्या पान्यात चांगलं बुडवून ठिवते, मगच देते.”

“सुमनबाई, शेतात यांना कशानं मारता?”

बाईंचा पदर तोंडाला गेला. “आगं बाई! म्या रोज मीठच चारलं व्हय!”

मीठ गोगलगायीच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. जरा जरी लागलं तरी ती शंखात शिरते आणि खाणं सोडते. शिवाय शंख असतो कॅल्शियमचा. ते पोटात गेलं नाही तर शंख पातळ पडतो, वाढ खुंटते.

“भाजी साध्या पाण्यानं धुवा. आणि अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, बारीक कुटून द्या.”

“अंडं? माळकरी घर हाय आमचं. सासूबाई डब्यासकट मला भाईर काढतील!”

“मग गोठ्यात ठेवा.”

बाईंनी विचार केला. “गोठ्यात चालंल.”

चौकातल्या आम्लेटवाल्याकडून टरफलं येऊ लागली. पावसाळा सरता सरता सुमनबाई डबा घेऊन पुन्हा आल्या. प्रत्येक शंखाच्या तोंडाशी फिकट, नवी कड आली होती. वाढ सुरू झाल्याची हीच खूण. अडलेली म्हैस सुखरूप व्याली की होतो, तेवढा आनंद मला झाला.

“बऱ्या झाल्या. आता अश्विनीला कळवा.”

“न्हाई कळवत,” बाई झाकण लावत म्हणाल्या. “आजारी हायत म्हनल्यापासून रोज फोन करायलीय.”

तेवढ्यात फोन वाजलाच. “डाक्टरसायबालाच इचार,” म्हणत बाईंनी तो सरळ माझ्या हातात दिला.

“काका, खरं सांगा, जगतील ना?”

बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

“जगतील गं. पण यांची वाढ फार सावकाश असते. एकदा येऊन बघून जा.”

“दिवाळीला येते,” ती म्हणाली.

रोगी बरा झाला की केस बंद करायची, असं आम्हाला शिकवलेलं. ही मी उघडी ठेवली.

माझा मुलगा हैदराबादला असतो. दर रविवारी तो ‘सगळं ठीक ना?’ विचारतो, मी ‘ठीक’ म्हणतो, आणि फोन संपतो. त्या रविवारी मी गुडघा दुखतो म्हणालो. तो बराच वेळ बोलला. गुडघा मी अजून बरा होऊ दिलेला नाही.