सशाच्या पोटातली सुई

चिंधीमावशीच्या घरातून काही टाकून द्यायचं म्हणजे आधी तिची परवानगी काढावी लागे. विरलेली चादर, कॉलर गेलेला शर्ट, गुडघ्याला फाटलेली पँट, जे असेल ते आधी तिच्या हाताखालून जायचं आणि एकदा तिथं गेलं की घराबाहेर पडायचंच नाही. शर्टाचा उशीचा अभ्रा व्हायचा. बटणपट्टी मागच्या बाजूला तशीच ठेवायची, म्हणजे चेन लावायची कटकट नाही. पँटची पिशवी व्हायची, खिशांसकट. टॉवेल जुना झाला की गरम भांडी धरायची फडकी. नवरा म्हणायचा, "मी बाबा एका जागी फार वेळ बसत नाही. हिची कात्री कधी माझ्यावर फिरेल, नेम नाही." चिंधीमावशी हे नाव गल्लीनं ठेवलेलं, आणि तिला ते भारी आवडायचं.

एका बाबतीत मात्र ती मुलखाची कडक. सुई! शिवण शिकायला येणाऱ्या बायकांना पहिला धडा टाक्याचा नसायचाच. गप्पा मारायला तोंड उघडायचं असेल तर आधी सुई उशीत टोचा, मग बोला. ही उशी म्हणजे डब्याच्या झाकणात कापूस दाबून, वर कापड ताणून तिनंच केलेली. त्यात प्रत्येक सुईची जागा ठरलेली. घरातल्या माणसांना एवढी शिस्त असती तर काय हवं होतं!

त्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरची नर्स पिशवीला पट्टा लावायला आली होती. कापड जाड, साध्या सुईला दाद देईना. "मावशी, तुमची ती लांब सुई द्या ना," नर्स म्हणाली.

मावशीचा हात सवयीनं उशीकडे गेला. लांब सुईची जागा रिकामी होती.

"पडली असेल इथंच कुठंतरी," नर्स म्हणाली.

"माझी सुई कुठंतरी पडत नाही," मावशी फणकारली आणि लोहचुंबक काढला. फरशी, चटई, खुर्च्यांच्या फटी, चिंध्यांचं गाठोडं, सगळ्यांवरून तो फिरवला. दोन टाचण्या आणि एक हूक चिकटून आले. सुई नाही. मग मशीनजवळ टॉवेलाचा एक पिवळा तुकडा पडलेला तिला दिसला आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

ससा!

गेल्या रविवारी तिनं नातीसाठी ससा केला होता. मुलाच्या लहानपणीच्या पिवळ्या टॉवेलाचा, लांब कानांचा. नात आठ महिन्यांची, जे दिसेल ते तोंडात. सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, चमचासुद्धा उकळल्याशिवाय पोरीला लावायची नाही. मावशीनं आधी एक बाहुली दिली होती, ती हिनं परत पाठवली. "आई, बटण सुटलं आणि तिनं गिळलं तर?" झालं! मावशी महिनाभर सुनेशी बोलली नाही. मग सून आपण होऊन म्हणाली, "बटणं नसलेलं काहीतरी करा ना तिच्यासाठी." मावशीला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! डोळे दोऱ्याचे भरले, नाक दोऱ्याचं भरलं. कुठं बोट ठेवायला जागा ठेवायची नाही, असं ठरवूनच बसली होती.

पण ससा न्यायला मुलगा दारात येऊन उभा, "आई, आटप, गाडी रस्त्यात लावलीय," आणि सशाचं पोट अजून उघडं. तेवढ्यात लांब सुईतला दोरा संपला. आता दुसरी कुणी असती तर परत दोरा ओवला असता. मावशीनं तसं केलं नाही, आणि का नाही केलं, हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं. तिला दोरा ओवता येतच नव्हता. बरेच दिवस डोळ्यांपुढं धुकं होतं. शिकायला येणाऱ्या बायकांना ती आधी सगळ्या सुया ओवायला लावायची. "सराव करा गं, हात बसला पाहिजे." कशाचा सराव नि कशाचं काय! त्याच ओवलेल्या सुयांवर तिचा दिवस निघायचा. म्हणून तिनं लांब सुई क्षणभर सशाच्या पोटात खोचली, दुसरी ओवलेली सुई उशीतून काढली आणि घाईघाईनं पोट शिवून टाकलं.

"फोन लावा तिला," ती नवऱ्यावर ओरडली. सूनबाईची दुपारची पाळी, म्हणजे ती घरीच असणार, पण फोन नुसता वाजत राहिला. मुलाचा बंद, कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत.

"अगं, काही झालं असतं तर एव्हाना कळलं असतं," नवरा म्हणाला.

"मग व्हायची वाट बघत बसू का? तुम्ही लावत राहा. मी निघाले." तिनं लोहचुंबक पिशवीत टाकला आणि पायांत दोन वेगळ्या चपला सरकवून बाहेर पडली.

बस अशी रमतगमत चालली होती की मावशीला वाटलं, उतरून ढकलावी. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी सामान चढवतंय, कुणीतरी सुटे पैसे शोधतंय. पोरीला सशाचा कान चोखायची सवय लागलीय, असं मुलानं कौतुकानं सांगितलं होतं. कान तोंडात धरायचा म्हणजे पोट छातीशी येणार. छातीशी येणार म्हणजे दाबलं जाणार. पुढचं मनात आलं की मावशी खिडकीची कड घट्ट धरायची. "देवा, माझा डोळा फोड, पण पोरीला काही करू नको," ती पुटपुटली, आणि शेजारचा माणूस जरा सरकून बसला.

आणि त्या भीतीच्या खाली आणखी एक भीती होती, तिची तिला लाज वाटत होती. आता सून म्हणणार, पुरे झालं तुमचं शिवण. आणि त्यावर बोलायला आपल्याला तोंड राहणार नाही.

दार सुनेनं उघडलं आणि आधी ओठांवर बोट ठेवलं. पोरगी नुकती झोपली होती, म्हणून फोनचाही आवाज बंद. मावशीनं सुनेला बाजूला सारलं आणि तशीच आत घुसली. पाळण्यात पोरगी एका कुशीवर, सशाचा कान तोंडात, पोट गालाखाली! मावशीनं ससा ओढून काढला. पोरीनं घर डोक्यावर घेतलं. मावशीनं तिचे गाल बघितले, ओठ बघितले, हात उघडून बघितले. कुठं काही नाही. मग लोहचुंबक सशावर फिरवला. पोटावरून, पाठीवरून, परत पोटावरून. तो कुठंच अडेना.

"आई, अहो काय झालंय?" सुनेनं पोरीला उचलून घेतलं.

मावशीचं अंगठ्याचं पेर पोटाच्या शिवणीवर अडलं होतं. तिचा टाका आतल्या आत लपणारा, बोटाला कधी लागायचा नाही. हा मात्र वरून गाठी मारलेला, वाकडातिकडा. डोळ्याजवळ नेऊन बघितलं तर दोराही वेगळा, पांढरा.

"हे कुणी शिवलं?"

सुनेनं कपाटातून औषधाची रिकामी बाटली आणून पुढं ठेवली. बाटलीत लांब सुई होती.

"पहिल्याच दिवशी सापडली," ती म्हणाली. "तिच्या हातात द्यायच्या आधी मी प्रत्येक गोष्ट दाबून बघते. माझ्या बोटात घुसली."

मावशीच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ रागही आला. "आणि मला सांगितलं नाहीस? अगं, त्यानंतर मी शेजारच्या बाळाला उशी करून दिली! त्यात काही राहिलं असतं म्हणजे? असलं कुणी पोटात ठेवतं का?"

सुनेचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं. पण बटणांच्या वेळी तुम्ही महिनाभर बोलला नाहीत, आई. परत तसंच होईल म्हणून भ्याले."

मावशीनं मोकळ्या हातानं आधी नवऱ्याला फोन केला. "त्या शेजारच्या बाळाची उशी आत्ताच्या आत्ता घेऊन या घरी. कारण विचारलं तर खरं सांगा." मग ती खुर्चीत बसली. "आण दोरा. हे टाके पोरगी दोन दिवसांत उपटेल."

सुनेनं दोरा आणला. मावशीनं टोक ओठांत ओलं केलं आणि बाटलीतल्या सुईच्या नेढ्याशी नेलं. चुकलं. परत नेलं, परत चुकलं. उजेड कमी आहे, दोरा फुसका आहे, बसच्या धक्क्यांनी हात भरून आलाय, सगळी कारणं जिभेवर तयार होती.

"किती दिवसांपासून दिसत नाहीये?" सुनेनं विचारलं.

मावशीनं सुई मांडीवर ठेवली. "बायकांकडून ओवून घेते," ती म्हणाली. "सराव म्हणून." आणि तिला रडू फुटलं, पोरीसारखंच, मोठ्यानं. आजी रडतेय हे बघून पोरगी मात्र गप्प झाली.

सुनेनं पोरीला खाली बसवलं आणि सुई ओवून मावशीच्या हातात दिली. "उद्या सुट्टी टाकते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. आता शिवा, मी बघते."

मावशीनं वाकडे टाके उसवले आणि बोटांनी चाचपत, सावकाश, पोट परत शिवलं. गाठ मारली, दोरा तोडला, आणि सुई तळहातावर ठेवून सुनेपुढं धरली. सुनेनं ती बाटलीत टाकून झाकण लावलं. मग तिनं ससा घेतला आणि सासूच्या समोरच तो दाबून बघितला. कान, डोकं, पोट, चारही पाय, अगदी दुकानातून आणलेल्या वस्तूसारखा.

"शेपटी राहिली," मावशी म्हणाली.

सुनेनं शेपटीही दाबली आणि ससा पोरीकडे दिला.