मराचो हुकूम नाय

विळ्याने बोट कापलेली बाई असो की माडावरून पडलेला गडी, दवाखान्याच्या बाकावर कोणी कण्हत बसलं की फौजी आधी खिशातली कातर चाचपायचा आणि दरडावायचा, "मराचो हुकूम नाय हां!" रडणारं माणूसही हसायचं.

मसुऱ्याजवळच्या आमच्या गावातल्या दवाखान्यात मी कंपाउंडर. पेन्शनीत आल्यावर तो रोज सकाळी फुकट ड्रेसिंग करायला यायचा. सैन्यातही त्याचं तेच काम, जखमींना उचलायचं आणि बांधायचं. भरतीला निघताना त्याची आवस, म्हणजे आई, म्हणाली होती, "कोणाचो जीव घेव नको." डोंगरातल्या लढाईत गोळ्यांखालून रांगत जाऊन त्याने माणसं ओढून आणली, स्वतः एकही गोळी झाडली नाही.

"रायफल होती मा?" मी एकदा विचारलं.

"होती, पाठीर. पण हात खंय मोकळे होते?"

गावाला हे पटेना. आमच्याकडे रानडुकरांसाठी बागायतदाराच्या घरात बंदूक असते. हा मात्र बागेत पत्र्याचा डबा बडवत फिरायचा, आणि डुकरं आपलं जेवण उरकूनच जायची. शेजारचा बाबल भारी तोंडाळ. "भित्रो फौजी" हे नाव त्यानेच ठेवलं. दसऱ्याला देवळात हत्यारांची पूजा असते. बंदुका, कोयते मांडून झाले की फौजी शेवटी आपली कातर ठेवायचा.

"ही काय केस कापूची?" बाबल विचारायचा आणि सगळं देऊळ हसायचं. मीही हसलोय, खोटं कशाला सांगू?

एका सकाळी बाबल भरलेली बंदूक घेऊन डुकराच्या मागे गेला. बागेच्या कुंपणाला रचलेल्या चिऱ्यांच्या गडग्याला ती टेकवून वर चढताना पाय सरकला आणि बार त्याच्याच मांडीत बसला. आम्ही धावलो. रक्त थांबेना. मी जीप आणेपर्यंत फौजीने कातरीने लेंगा फाडला, दोन्ही मुठी जांघेत रोवल्या आणि तसाच जीपमध्ये चढला. मालवण येईपर्यंत त्याने हात काढले नाहीत.

बाबल पांढराफटक पडला होता. "फौजी, मी मरतलंय काय रे?"

"मराचो हुकूम नाय."

"तुका भित्रो म्हटलंय मी..."

"भियतंयच मी. आता पण भियतंय. तू गप रव."

बाबल वाचला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "एवढा वेळ दाबून कोणी धरलं?" मी छाती फुगवून म्हणालो, "आमच्या फौजीने!" जसं काही मीच धरलं होतं. पण खरंच, आयुष्यात एवढा अभिमान मला कशाचाच वाटला नाही.

यंदा पावसाळ्यात फौजी गेला. झोपेतच, कोणाचाही हुकूम न विचारता. दवाखान्यातलं त्याचं स्टूल मी अजून हलवलेलं नाही.

दसऱ्याला नेहमीप्रमाणे बंदुका मांडल्या गेल्या. बाबल लंगडत आला. त्याच्या हातात बंदूक नव्हती. फौजीच्या बायकोकडून मागून आणलेली कातर त्याने सगळ्या हत्यारांच्या पुढे ठेवली आणि पूजा करणाऱ्या गावकराला म्हणाला, "पयला फूल हिका."

या वेळी कोणी हसलं नाही. गावकराने कातरीवर फूल ठेवून गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा!" म्हणताना माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.