बैलाच्या गुडघ्याएवढा हवालदार

मोमीन बाई नसत्या, तर कुपवाडच्या त्या कारखान्यात दोन मालकांच्या मधल्या खुर्चीवर मी बसलेलो नसतो. बाई आमच्या गावच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. आज माझ्याकडे जे काही आहे, त्यातलं सगळ्यात जास्त त्यांच्यामुळे आहे. त्यात ती खुर्चीही आली.

टेबलावर मी काढलेलं पहिलं पान होतं. पानावर एक बैल होता. बैलाच्या गुडघ्याशी एक हवालदार उभा होता.

"हा कोण?" सुभेदार मानेंनी विचारलं.

"हवालदार भीमराव, साहेब. तुमचाच."

"माझा हवालदार बैलाच्या गुडघ्याला?"

"खेळणी शेजारी ठेवली की तशीच दिसतात, साहेब. तुमचा बोटभर आहे. यांचा बैल वीतभर आहे."

"पलटणीत कुणी कुणाच्या गुडघ्याला नसतो," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी पान पालथं घातलं.

समोर बसलेल्या अन्वरभाई शिकलगारांनी चहा मागवला.

आधी या दोघांबद्दल सांगतो. सुभेदार माने फौजेतून रिटायर होऊन साताऱ्याला आले आणि त्यांनी प्लास्टिकचे जवान करायला सुरुवात केली. त्या मालिकेचं नाव 'शूर पलटण'. अन्वरभाईंचा कारखाना कुपवाडला. ते चाकांवरचे बैल करतात. मागे ओढून सोडला की बैल सुसाट पळतो. त्यातला मुख्य बैल तुफान. दोघांच्याही खोक्यात चार पानांची, घडी घातलेली चित्रकथा असते. ती दोघांसाठीही मीच काढतो. सांगलीत विश्रामबागला एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली आहे. तिला मी स्टुडिओ म्हणतो, दुकानदार वरची खोली म्हणतो.

दोन्ही खेळणी एकाच जत्रेत, एकाच गाड्यावर विकली जातात. दुकानदार विचारायला लागले की दोघांची मिळून एखादी गोष्ट नाही का. एका मालिकेतली पात्रं दुसऱ्या मालिकेत येऊन भेटतात, त्याला आमच्या धंद्यात क्रॉसओव्हर म्हणतात. दोन्हीकडची मुलं एकच पुस्तक घेतात, म्हणून मालकांना तो आवडतो. ठरलं की खोक्यातली घडी न करता स्वतंत्र, रंगीत, पिन मारलेलं पुस्तक काढायचं. त्यावर चित्रकाराचं नाव छापायचं, हे दोघांनीही कबूल केलं.

ही शेवटची गोष्ट माझ्यासाठी मोठी होती. तोवर मी लग्नपत्रिका, खताच्या पिशव्या, निवडणुकीचे बॅनर आणि खोक्यातल्या घड्या काढल्या होत्या. त्यांच्यावर चित्रकाराचं नाव नसतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. वडील इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. दहावीनंतर आर्ट कॉलेजचा फॉर्म घेऊन मोमीन बाई स्वतः घरी आल्या होत्या.

"आवं बाई, चित्रं काढून प्वाट भरतं का?" वडिलांनी विचारलं होतं.

"भरतंय का न्हाई ते त्यालाच बघू दे. तुम्ही इथं सही करा."

वडिलांनी सही केली. आता बाई रिटायर होणार होत्या. मी त्यांना फोन करून सांगून बसलो होतो की समारंभाला येईन तेव्हा माझं नाव छापलेलं पुस्तक घेऊन येईन. बाई म्हणाल्या होत्या, "बरं." बाई कशालाही बरं म्हणतात, पण विसरत नाहीत.

आता पुन्हा टेबलाकडे येतो.

दुसऱ्या पानावर मी दोघांना सारख्या उंचीचं केलं. सुभेदारांनी मान डोलावली. अन्वरभाईंनी पान जवळ घेतलं, लांब धरलं.

"अमोल, ही शेळी कुणाची रं?"

"तो तुफान आहे, अन्वरभाई."

"एवढा बारका केलास तर शेळीच हुती की. दूधबी काढून दाखव मग."

तिसऱ्या पानावर हवालदार पुढे आणि बैल लांब मागे. लांबची वस्तू लहान दिसते, त्यामुळे कुणाची उंची बदलावी लागली नाही. अन्वरभाई म्हणाले, "मागं का?" चौथ्या पानावर बैल पुढे आणि हवालदार मागे घेतला. सुभेदारांनी तेही पान पालथं घातलं.

उंचीचं राहू दे, आधी गोष्ट ठरवू, असं मी म्हणालो. ते आणखी अवघड निघालं. क्रॉसओव्हरमध्ये कुणीतरी कुणाच्या तरी गावात जावं लागतं.

"तुफान पलटणीच्या छावणीत येतो," मी म्हणालो.

"बैल दुसऱ्याच्या दारात कवा जातो?" अन्वरभाईंनी विचारलं. "विकायचा असला की."

"मग पलटण तुफानच्या गावात येते."

"पलटण दुसऱ्याच्या हद्दीत कधी जाते, ते तुला माहीत आहे का?" सुभेदार म्हणाले. "ऑर्डर कोण देणार? बैल?"

भांडण माणसांचं नव्हतं. दोघं एकमेकांशी अदबीने बोलत, साखर कमी-जास्त विचारत. भांडण खेळण्यांचं होतं, त्यामुळे ते मिटवायला कुणाला मध्ये घालावं हे कळत नव्हतं.

आमच्या गावाची आणि शेजारच्या गावाची जत्रा एकाच दिवशी असते. दोन्ही देवांच्या पालख्या भेटतात. कुठलाही देव दुसऱ्याच्या गावात जात नाही. दोन्ही पालख्या शिवेवर येतात, शिवेच्या दगडापाशी टेकतात आणि परत फिरतात. हे मी सांगितलं. दोघांनाही पुढचं सांगावं लागलं नाही. दोघांच्याही गावाला शीव होती.

"मग शीव कुठं धरायची?" अन्वरभाईंनी विचारलं.

"पिनेवर," मी म्हणालो.

पुस्तकाच्या मधोमध जिथे पिन मारतात, तिथे समोरासमोरची दोन पानं अखंड कागदाची असतात. त्याला सेंटर स्प्रेड म्हणतात. मी उलटसुलट पुस्तक सुचवलं. एका बाजूने उघडलं की पलटणीची गोष्ट. पुस्तक उलटं करून मागून उघडलं की तुफानची गोष्ट. दोघांनाही आपापलं मुखपृष्ठ. दोन्ही गोष्टी मधल्या पानावर भेटणार. पहिला कुणी नाही, पाहुणा कुणी नाही.

सुभेदार म्हणाले, "शाबास." मला वाटलं काम झालं.

आठवड्याने मी कोऱ्या कागदांची डमी घेऊन गेलो. डमी म्हणजे छापण्याआधी हाताने केलेलं पुस्तक. मध्ये नुसती पेन्सिलच्या रेघोट्यांची चित्रं होती. सुभेदारांनी आपल्या बाजूने उघडली. मधल्या पानावर डावीकडे त्यांचा हवालदार ताठ उभा होता. उजवीकडे तुफान चारी पाय वर करून होता, कारण ते अर्धं पुस्तक उलटं होतं. सुभेदारांना चित्र पसंत पडलं. समोरून अन्वरभाई बघत होते. त्यांच्या बाजूने तुफान उभा होता आणि हवालदार डोक्यावर होता. त्यांनाही पसंत पडलं.

मग अन्वरभाई चहाचा कप द्यायला सुभेदारांच्या बाजूला आले.

कुणी आवाज चढवला नाही. अन्वरभाईंनी डमी मिटली आणि म्हणाले, "बघू. दसरा झाल्यावर बघू." सुभेदार म्हणाले, "हां, बघू." आमच्या भागात 'बघू' म्हणजे नाही. दसरा झाल्यावर बघू म्हणजे विषय काढू नकोस. बाईंचा समारंभ दसऱ्याच्या बराच आधी होता.

सुभेदार साताऱ्याच्या गाडीला निघून गेले. अन्वरभाईंना कुणाचा तरी फोन आला म्हणून ते बाहेर गेले. मी उठलो नाही. उठलो असतो तर काम संपलं असतं.

खोलीच्या कोपऱ्यात बिघडून परत आलेल्या बैलांचा क्रेट होता. स्प्रिंग गेलेली, चाक गेलेलं. दुकानदार ते परत पाठवतात आणि अन्वरभाई दुरुस्त करून देतात. मी एक बैल उचलला. पाठीवरचा रंग उडाला होता. दुसरा उचलला, त्याचाही पाठीवरचाच. पोटाचा, पायांचा, तोंडाचा रंग नव्यासारखा. शेजारी एक बिस्किटांचा डबा होता. त्यात सुभेदारांचे जवान होते. त्यांच्या हेल्मेटवरचा रंग उडाला होता. गणवेश ठीक होता.

अन्वरभाई आत आले.

"हे जवान तुमच्याकडे कसे?"

"पोरं रबर लावून बैलावर बसवत्यात. बैल दुरुस्तीला येतो, त्याच्यासंगं हेबी येतंय. दुसऱ्याचा माल हाय, म्हणून येगळा ठेवलाय."

म्हणजे क्रॉसओव्हर मुलांनी केव्हाच उरकला होता. आमचीच बोलणी राहिली होती.

मी बैल जमिनीवर ठेवला आणि उभा राहून बघितला. मालक खेळणं काउंटरवर ठेवून डोळ्यासमोर बघतात. मूल ते जमिनीवर ठेवतं, वरून धरतं आणि वरूनच बघतं. रंग त्यामुळेच तिथे उडतो.

शाळेत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत भूमितीचा पेपर असायचा. ठोकळा समोरून कसा दिसतो आणि वरून कसा दिसतो, ते काढायचं. मला वरचं जमायचं नाही. तेव्हा मोमीन बाईंनी मला शाळेच्या गच्चीवर नेलं होतं. खाली प्रार्थनेच्या रांगा होत्या. बाई म्हणाल्या, "आता सांग, ह्यात उंच कोण?" मला सांगता आलं नाही. बाई म्हणाल्या, "वरनं उंची दिसत नाही. तेवढं ध्यानात ठेव आणि काढ."

मी क्रेटमधले तीन बैल आणि डब्यातले पाच जवान मागून घेतले. अन्वरभाईंनी कशाला म्हणून विचारलं नाही. बहुतेक मी उठतोय याचंच त्यांना बरं वाटलं असावं.

मधल्या दोन्ही पानांवर मिळून मी एक विहीर काढली, आभाळातून दिसेल तशी. विहिरीत एक वासरू पडलं आहे. एका गावाकडून पलटण आली आहे, दुसऱ्या गावाकडून बैल. विहीर शिवेवर आहे. सगळे कडेने गोल उभे आहेत आणि दोर ओढत आहेत. बैल म्हणजे दोन शिंगं, वशिंड आणि लांबडी पाठ. जवान म्हणजे हेल्मेट, दोन खांदे आणि दोरावरचे हात. वरून काढायला मला बराच त्रास झाला, कारण खेळण्यांचा वरचा भाग कुणी मनावर घेऊन केलेलाच नव्हता. प्रत्येक हेल्मेटवर एक टिकली होती. साच्यात प्लास्टिक शिरतं तिथे ती राहते. मी टिकलीही काढली.

सुभेदारांना साताऱ्याला फोन केला आणि शेवटचं एकदा या म्हणालो. आल्यावर त्यांनी कागद उजवीकडे फिरवला, मग डावीकडे, मग पूर्ण गोल.

"उलटा कोण आहे?"

"कुणी नाही, साहेब."

"उंची?"

"वरून उंची दिसत नाही."

त्यांनी एकेका हेल्मेटवरून बोट फिरवलं. "फीत दिसत नाही. हवालदार ओळखायचा कसा?"

मी भीमरावच्या बाहीवर फितीची कडा काढली. अन्वरभाई वाकले.

"वशिंड जरा मोठं कर. आमचं वशिंड मोठं असतंय."

मी वशिंड मोठं केलं. सुभेदारांनी विचारलं, "छपाई कधी?" दसऱ्याचं नाव कुणी काढलं नाही.

माझ्या नावाचा प्रश्न मात्र राहिला. एका मुखपृष्ठावर टाकलं तर मी त्या बाजूचा होतो. दोन्हींवर टाकायला दोघांचीही तयारी नव्हती. शेवटी ते मधल्या पानावर, पिनेच्या रेषेत, आडवं गेलं. छपाईला वेळ लागला. समारंभाच्या दिवशी पुस्तकं सांगलीच्या प्रेसमध्ये पिनेच्या मशीनपाशी थांबली होती.

ती हातात आल्यावर एक प्रत आणि हे पत्र मी बाईंना पाठवलं.

आदरणीय बाई,

शिरसाष्टांग नमस्कार.

समारंभाला मी रिकाम्या हाताने आलो होतो. तुम्ही पुस्तकाचं विचारलं नाहीत. जेवलास का एवढंच विचारलंत. ते मी लक्षात ठेवलं आहे.

पुस्तक सोबत पाठवतो आहे. ते दोन्हीकडून सुरू होतं. कुठूनही वाचलंत तरी मध्ये विहीर लागेल. ती गच्चीवरून बघितल्यासारखी काढली आहे. परीक्षेत हा प्रश्न मला पूर्ण जमला नव्हता, कुपवाडला जमला. दोन मालकांचं समोरासमोर बसून जुळत नव्हतं, वरून बघितल्यावर जुळलं.

वडिलांनी पुस्तक पाहिलं. ते म्हणाले, बैल चांगला आहे.

माझं नाव मधल्या पानावर छापलं आहे. सरळ धरलंत तर वाचता येणार नाही, पुस्तक आडवं करावं लागेल. आडनावातून पिन गेली आहे, पण ते सुतारच आहे.

आपला विद्यार्थी,
अमोल