येसूबाईच्या खोलीची पाटी

संपतराव घोरपड्यांनी पंचेचाळीस वर्षं नाटकाचा पडदा ओढला. नटाचा घसा बसलेला असो, नटी रुसलेली असो, तिसरी घंटा झाली की पडदा गेलाच. बडोद्याच्या मराठी मंडळींत त्यांच्या पडद्यावर घड्याळ लावावं, असं म्हणत.

म्हणून त्यांच्या नाट्यमंडळाने खंडेराव मार्केटमागच्या गल्लीत, जिथे पूर्वी तालमी चालत त्या भिंतीवर, स्मृतिपाटी बसवली, तेव्हा तिच्यावरचा रेशमी पडदा लावायचा मान त्यांनाच मिळाला. आदल्या दिवशी ते दांडी ठोकायला गेले. काळ्या ग्रॅनाइटवर चौदा नावं होती. तेरावं त्यांचं स्वतःचं. छाती फुगायची ती कानशिलं तापली. पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं.

"केयूर, येसूबाई कुठंय?"

"कोण येसूबाई, काका?" मंडळाच्या चाळिशीतल्या चिटणीसाने विचारलं.

"जिची ही खोली होती ती! आभाळातून पडली होती का खोली?"

येसूबाई मार्केटात भाजी विकायची. सत्तावीस वर्षं तिने आपली पुढची खोली तालमीला दिली. दिवसभर उन्हात बसून यायची आणि उरलेल्या वांग्यांचा झणझणीत रस्सा सगळ्यांच्या पानात वाढायची. राजाचा अंगरखा उसवला तर ती टाके घालायची, राजा चुकला तर त्याला दटावायचीही. आणि पाटीवर पहिलं नाव कुणाचं, तर अध्यक्ष गोविंदरावांचं! ते दोनदाच तालमीला आले, दोन्ही वेळा मेथीच्या वासाची तक्रार करून गेले.

"नाटकांच्या जुन्या हस्तपत्रकांवरून नावं काढली, काका. त्यांचं कुठेच नाही."

"कसं असेल? तिच्या हातचं खायला लाज नव्हती, नाव छापायला होती! आम्ही कागदावर केलं ते पाप तू दगडात कोरलंस. माझं नाव खोड, तिचं घाल."

"ग्रॅनाइट छे, काका, खोडता नाही येत. जवा दो ने, सोडून द्या. उद्या पाहुणे येणार."

 संपतरावांनी पडदा लावला, दोरी ओवली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी हसत दोरी ओढली. पडदा हलला नाही. जोर लावला, तशी गाठ आणखी आवळली. केयूर धावत पहिल्या रांगेपाशी आला. "काका, शुं थयुं?"

संपतराव हाताची घडी घालून बसले होते. "तिचं नाव माइकवरून घ्या. मग गाठ सुटेल."

कुजबुज झाली. जुने नट आपापल्या चपलांकडे बघू लागले. पाहुणे घड्याळाकडे. शेवटी केयूर वैतागून म्हणाला, "बरं, घेतो. पूर्ण नाव सांगा."

संपतराव ताठ उभे राहिले. तोंड उघडलं. आणि प्रॉम्प्टर झोपलेल्या नटासारखे तसेच थिजले. तिचं आडनाव? नवऱ्याचं नाव? सत्तावीस वर्षं जेवले, आणि 'येसूबाई' या हाकेपुढे काही ठाऊक नाही!

"नालायक," ते म्हणाले. कुणाला, ते कुणाला कळलं नाही. ते तडक मार्केटकडे निघाले. मागे पाहुण्यांनी चहा घेतला, झाकलेल्या पाटीसमोर फोटो काढले आणि गेले.

येसूबाई गेल्यापासून मार्केटात तिच्या जागी लिंबांच्या ढिगामागे तिची भाची संयोगिता बसते. तिने लिंबं रचत सगळं ऐकून घेतलं.

"येसूबाई नारायण शेलार," ती म्हणाली. "पानावर बसताना कधी विचारावंसं वाटलं नाही का हो?"

 संपतराव म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

वाटेत त्यांनी पांढरा ऑइलपेंट आणि ब्रश घेतला. पूर्वी नाटकाचे बोर्ड रंगवत, तशी पाटीखालच्या भिंतीवर वीतभर उंचीची अक्षरं काढली.  आडनाव जरा खाली उतरलं. खुर्च्या मोजत असलेला केयूर ओरडत आला, "काका, परवानगी नाही आपल्याला भिंतीवर..."

"बाजूला हो. तिसरी घंटा झालीय."

गाठ सोडून त्यांनी पडदा ओढला. प्रेक्षक एकटी संयोगिता. तिने टाळी वाजवली नाही. वरची चौदा नावं तिने पाहिलीही नाहीत. खालचं एक, ओल्या रंगातलं, सावकाश वाचलं.