खारवलेली शुद्धता

सूड ही माणसाच्या मनातली सर्वांत शुद्ध भावना आहे. तिच्यात कशाचीही भेसळ नसते. माझ्या सुडाचं कारण एका म्हाताऱ्या मांजरीची किडनी होती, आणि तो उगवायला मी पेणहून रोह्याला एसटीने गेले.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, रोह्याच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात रसायनांचे शत्रू झाले. आधी सेंद्रिय गूळ, मग सेंद्रिय दंतमंजन, आणि शेवटी स्वतः तयार करून विकायला काढलेला 'सेंद्रिय मार्जार आहार, आजारी मांजरांसाठी विशेष'. आमच्या मांजरीची किडनी अधू झाल्याचं कळताच त्यांनी पेणला, रामवाडीतल्या आमच्या घरी, पाकीट पाठवलं. फवारणी नाही, रंग नाही. धरमतरच्या खाडीकाठी उन्हात वाळवलेल्या मासळीची भुकटी, सोबत हातसडीचा तांदूळ.

मांजर दोन दिवस अधाशासारखी खात होती. मग पाण्याच्या भांड्यापाशी जी आडवी झाली ती उठेना.

डॉक्टरांनी तिला सलाईन लावलं. भुकटीची चिमूट जिभेवर ठेवून ते म्हणाले, "बाई, हे मासे नाहीत. हे मीठ आहे, त्यात थोडे मासे पडलेत."

आमच्याकडे मासळी खारवून वाळवतात, आणि मिठाला कोणी भेसळ समजत नाही. भावोजींनी तर समजायचं कारणच नव्हतं.

मी फोन केला. "भावोजी, मांजर मरायला टेकलीय. मीठ आहे यात."

"अगं, ते खाडीचं मीठ. कंपनीचं नाय. तिचं शरीर आतलं विष बाहेर टाकतंय, टाकू दे."

पुढच्या महिन्यात रोह्यात सेंद्रिय आहारावर त्यांचं व्याख्यान ठरलं होतं. त्या वाक्यानंतर मी त्या व्याख्यानाची वाट पाहू लागले.

सभागृहात समई होती, शाल होती, नारळ होता. सूत्रसंचालकाने भावोजींना ऋषितुल्य म्हटलं. ताई पहिल्या रांगेत बसली होती. मी मुद्दाम तिच्यापासून लांब बसले. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर उभी राहिले.

"भावोजी, हा आहार माणसाला चालेल?"

"का नाय? माणूस आणि मांजर, दोघंही निसर्गाची लेकरं!"

"मग एक चमचा खाऊन दाखवा ना सगळ्यांना."

त्यांनी हसत पाकीट फोडलं, चमचा भरला, तोंडाशी नेला.

"अहो, ठेवा तो खाली!" ताई ओरडली. "डॉक्टरांनी मीठ बंद केलंय ना तुमचं? घरात लोणच्याची फोड देत नाय मी, आणि इथे खारं खाताय?"

ताईचा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

चमचा खाली गेला. मी विचारलं, "शरीर विष बाहेर टाकेल ना, भावोजी? टाकू दे की." लोक हसले. असं सुख मला त्याआधी कुठल्याही देवळात मिळालं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मात्र पाकिटं विकायला मांडलेल्या टेबलाभोवती बायकांची गर्दी झाली. "वांग्यात घातलं तर चालेल काय हो?" एकीने विचारलं. भावोजी चालेल म्हणाले. सगळी पाकिटं खपली.

मांजरीची किडनी सुधारली नाही, पण आणखी बिघडायची थांबली. ती आता डॉक्टरांनी लिहून दिलेले दाणे खाते. ते कारखान्यात तयार होतात, आणि त्यांच्यात सेंद्रिय असं काहीही नाही.