तळ्यातली वैरण

सासूबाईंच्या गाईची हिवाळ्याची सगळी वैरण विल्कोनं तळ्यात बुडवली, तीही अभ्यास करून. बुडवली म्हणणंसुद्धा खरं नाही. रविवारी सकाळी त्यानं पाहिलं तेव्हा चौदाच्या चौदा गंज्या पाण्यावर डुलत होत्या आणि एकीवर बदक ऐसपैस बसलं होतं.

आदल्या दिवशी अपोलोनियाबाईंनी निघताना बजावलं होतं. भाचीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला त्या पलीकडच्या गावी चालल्या होत्या. डोक्याला रुमाल, काखेत अक्रोडाची पोळी. "जावईबापू, ढोलकरीण वाजायला लागलीय. आजच्या आज तळ्यातलं गवत घरी आणा."

ढोलकरीण म्हणजे तळ्याकाठची गुहा. तिच्या पोटात पाणी चढायला लागलं की ती घुमते, आणि उन्हाळाभर कोरडं पडून कुरण झालेलं तळं पुन्हा भरतं. विल्कोनं मान डोलावली आणि सासूबाई वळणाआड जाताच कागद-पेन्सिल काढली. शाळेत भूगोल शिकवणारा माणूस तो. ढोल ऐकून गवत उचलणं त्याच्या इभ्रतीला शोभलं नसतं. डोंगरात पाऊस किती, भेगा किती रुंद, भुयारं किती लांब, सगळं मांडलं. उत्तर आलं मंगळवार. तो निवांत आडवा झाला. पाण्याला हे गणित कुणी दाखवलंच नव्हतं.

त्सेर्कनिकाच्या तळ्याशी बाईंचा असा कागदोपत्री व्यवहार कधी नव्हताच. नवऱ्यानं, येर्नेयनं, त्यांना मागणी घातली ती होडीत, आणि लग्नाची वरात गेली ती घोडागाडीतून, त्याच जागेवरून. येर्नेय गेल्यावर होडी आणि विळा दोन्ही त्यांच्या गळ्यात पडले. "दोन्ही कामं एकाच जागी, तेवढीच पायपीट वाचली," एवढाच त्यांचा शोक. उन्हाळ्यात तळं जमिनीत उतरायला लागलं की मागं राहिलेले मासे बादल्यांनी वाचवायला गाव जमतं. बाई सर्वांत पुढे, चिखलात गुडघाभर, माशांनाच झापत असतात: "दरवर्षी तेच! सगळे निघाले की निघायचं, एवढंही कळत नाही?"

स्वतःच्या लग्नानंतर सासरच्या पहिल्याच जेवणाला विल्कोनं उंबऱ्याच्या दगडावर व्हिनेगर ओतलं होतं.

"बघा आई, फसफसतंय! ही चुनखडी. पावसाचं पाणी हवेतला, मातीतला वायू घेतं, किंचित आंबट होतं आणि भेगांतून हा दगड विरघळवत खाली जातं. भेगेची नळी, नळीचं भुयार, भुयाराचं छत कोसळलं की वर खड्डा. विरघळलेला दगड गुहेत थेंबाथेंबानं पुन्हा जमतो, त्याचे खांब होतात."

"म्हणजे डोंगराला पित्त झालंय," बाई म्हणाल्या. "आणि तो पुन्हा जमतो ते मला नका सांगू. चाळीस वर्षं किटलीतून खरवडतेय त्याला. व्हिनेगर इकडं आणा, कोशिंबिरीचं आहे ते."

बाप्तिस्म्याहून परतलेल्या त्या बाई आता काठावर उभ्या होत्या. बदकाकडे पाहिलं, मग जावयाकडे. गवत गेलं तर सिव्का गाय नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणाआधी विकावी लागणार, हे दोघांनाही कळत होतं. बाईंचा आवाज चढला नाही, याचीच विल्कोला जास्त भीती वाटली.

"पोलोना," शेजारचा लोव्हरेन्त्स आपल्या होडीतून ओरडला, "यंदा मासे शाकाहारी झाले वाटतं!"

"तोंड कमी चालव, वल्हं जास्त! आणि ये इकडं. दुपारपर्यंत तरंगेल, मग भिजून तळाला जाईल. जावईबापू, दाताळं घ्या. बूट काढा. मोजे कुणासाठी ठेवलेत?"

मग एका होडीतून लोव्हरेन्त्स आणि दुसरीतून सासू-जावई गवत ओढायला लागले. बाई वल्हवत होत्या, विल्को दाताळ्यानं गंज्या खेचत होता आणि दोनदा गंजीनंच त्याला खेचलं. काठावर गवत टाकायचं, पायांनी पिळायचं, पुन्हा जायचं. बाईंच्या कमरेत उसण भरली तेव्हा त्यांनी वल्हं नुसतं दुसऱ्या हातात घेतलं. बारा गंज्या निघाल्या. तेरावी खाली गेली. चौदावी बदकानं सोडली नाही, आणि बाई म्हणाल्या, "राहू दे, त्याचंही बिऱ्हाड असेल."

संध्याकाळी लाकडी मांडवाच्या दांड्यांवर गवत वाळत पडलं. बाईंनी त्यातली एक मूठ गाईपुढे धरली. सिव्कानं हुंगलं, फुरफुरली, वास माशांचा होता. बाई हात पुढे करून उभ्याच. मग गाईनं जीभ लांब केली आणि मूठ रिकामी केली. बाईंनी हात परकराला पुसला आणि डोळेही, पण ते घाईघाईनं.

विल्को कागद चुरगाळून खिशात कोंबत जवळ आला. "आई, खरंच शिकायचंय मला. तळ्यात पाणी नेमकं कधी येतं?"

"तुम्ही गवत पसरून झोपलात की."